परदेशी शिक्षणाचा अर्ज : कल्याणच्या आनंदीबाईंपासून आमच्या घरापर्यंत



आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला तीनदा बजावले. दर वेळी मी म्हटले, "मी सातवी पास बाई. मला फार तर पाककृती विचारा." शेवटी त्या म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ झाल्या. गेले वर्षभर तुमच्या घरी कागदांचा जो संसार मांडला होता, त्याविषयी लिहा." तेव्हा हा लेख त्यांच्या आग्रहाचे फळ आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

कागदांचा संसार तो असा. आमची थोरली इंजिनियर झाल्यावर तिने जर्मनीतील विद्यापीठांकडे पुढील शिक्षणासाठी अर्ज केले. जर्मनी म्हटल्यावर मला वाटले, आता हिला जर्मन भाषा शिकावी लागणार. परंतु तिने सांगितले की, तेथे आता कित्येक पदव्या इंग्रजीतून शिकवतात. 1999 साली युरोपातील 29 देशांनी बोलोन्या या गावी एक करारनामा केला, आणि पदव्यांची रचना सगळीकडे सारखी असावी असे ठरवले. त्यानंतर जर्मनी, नेदरलंड अशा देशांतही इंग्रजीतून शिकवण्याचे वर्ग वाढत गेले. पूर्वी ही सोय नव्हती. आपल्या इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांना जर्मन भाषेतच सारा अभ्यास करावा लागला होता.

मुलगी रात्री जागून फॉर्म भरी आणि मी शेजारी बसून गवार निवडी. इंग्रजी मला अक्षरओळखीपुरते येते. पण "यात काय विचारले आहे?" असे मी प्रत्येक पानाला विचारी आणि ती मराठीत सांगे. असे करता करता माझ्या ध्यानात आले की, पाने कितीही असोत, प्रश्न चारच आहेत. तुला काय येते? तुला कोण ओळखते? पैसा कोण देणार? आणि तुला हे कशासाठी शिकावयाचे आहे?

मग मला आनंदीबाईंची आठवण झाली. आपण कल्याणच्या बायका. 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याच कल्याणच्या. आपले सार्वजनिक वाचनालय त्यांच्याहून एका वर्षाने वडील, 1864 चे. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, पण त्यांनी अर्ज कसा केला, हे मी कधी विचारले नव्हते. म्हणून दुपारचा वेळ काढून थोडे वाचले. आणखीही काही माणसांचे वाचले. त्यांतून जे हाती आले, ते या चार प्रश्नांच्या क्रमाने मांडते.

पहिला प्रश्न, तुला काय येते?

आज याचे उत्तर गुणपत्रिका आणि परीक्षा देतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी टोफेल नावाची परीक्षा 1964 साली सुरू झाली आणि आयेल्ट्स 1989 साली. आयेल्ट्समध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. नवापैकी गुण मिळतात, आणि ते दोन वर्षेच ग्राह्य धरतात. शिवाय जर्मनीसाठी आपल्या मुलांना नोव्हेंबर 2022 पासून आपली प्रमाणपत्रे एपीएस नावाच्या कचेरीकडून तपासून घ्यावी लागतात.

आनंदीबाईंच्या वेळी यातले काहीच नव्हते. नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, घरीच नवऱ्याच्या हाताखाली शिकलेली. शाळेचे मोठे प्रमाणपत्र जवळ नाही. 28 जून 1883 रोजी, अमेरिकेत पोचून महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्यवाहांना अर्जाचे पत्र लिहिले. वय 18. त्या पत्रात त्यांनी काही लपवले नाही. प्रवेशाच्या सगळ्याच अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आणि आपली परिस्थिती वेगळी आहे, तिचा विचार व्हावा, अशी विनंती केली. महाविद्यालयाने त्यांना घेतले.

परंतु सर्वांचे असे झाले नाही. कित्येकींना येत सगळे होते, तरी दार बंद होते. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. पदवीच्या परीक्षेत त्यांचा नंबर असा लागला की, इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. पण ती स्त्रीला देता येत नाही, असे उत्तर आले. मग इंग्लंडमधील काही मंडळींनी वर्गणी जमवली, आणि 1889 साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. 1892 साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण पदवी हातात पडली 1922 साली, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. तो नियम 1920 साली बदलला. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षे गेली!

कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांची गोष्ट तर आपल्याच देशातील. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई उठून परत आल्या नाहीत. त्यांनी धरणे धरले, तेव्हा वर्षभर पाहू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. काम पाहून पुढे तेथे मुलींना दार उघडले. कमलाबाई नंतर केंब्रिजला गेल्या आणि 1939 साली डॉक्टरेट मिळवली.

दुसरा प्रश्न, तुला कोण ओळखते?

आज दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. आमच्या मुलीच्या एका सरांनी, "तूच लिहून आण, मी सही करतो," असे सांगितले. दुसऱ्या बाईंनी मात्र तिला तासभर समोर बसवून विचारले आणि स्वतः लिहिले. ते दुसरे पत्र पाठवताना मुलीचा चेहरा निराळा होता.

आनंदीबाईंना कोण ओळखत होते? त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून, बायकोला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, मदत करा, असे कळवले. उत्तर आले की, ख्रिस्ती व्हाल तर पाहू. ती अट जोशी पतिपत्नींनी मानली नाही. पण हा पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरांकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मासिक त्यांनी चाळले. कोण कुठली कल्याणची मुलगी! त्यांनी घरी जाऊन पत्र लिहिले. पुढे पत्रापत्रीतून मावशी-भाचीचे नाते जुळले. आनंदीबाई 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा घ्यावयाला याच बाई आल्या होत्या.

रखमाबाईंनाही अशी एक बाई भेटली. लहानपणी लावलेले लग्न मान्य नाही म्हणून त्यांच्यावर नवऱ्याने 1884 साली खटला भरला. 1887 साली कोर्टाने सांगितले की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करीन. पुढे 1888 साली तडजोड झाली. अशा मुलीला चांगल्या वर्तणुकीचा दाखला त्या काळी गावात कोणी दिला असता काय? मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यांनी इंग्लंडला जाण्यासाठी पैसाही उभा करण्यास मदत केली. 1889 साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी कितीतरी वर्षे बायकांची सेवा केली.

तिसरा प्रश्न, पैसा कोण देणार?

हा प्रश्न आला की घरातली माणसे गप्प होतात. पूर्वीही तसेच असावे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, त्या 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीच्या पैशावर. आनंदीबाईंनी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात भाषण केले. हे श्रीरामपूर बंगालमधले, तेथे गोपाळराव नोकरीस होते. आपण अमेरिकेस का जाणार, हे त्यांनी तेथे लोकांसमोर सांगितले, आणि नंतर मदतही आली. जमशेटजी टाटा यांनी 1892 साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो दान म्हणून नव्हे तर परत फेडावयाचे कर्ज म्हणून. त्याच्या पहिल्या दोन मानकरी दोन स्त्री-डॉक्टरच होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. इरावतीबाईंचे सासरे महर्षी कर्वे. पण त्या बर्लिनला निघाल्या तेव्हा त्यांचीही संमती नव्हती. डॉक्टर जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या गेल्या.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर प्रत्येक आईबापाने वाचावे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली. त्या बदली दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी 1913 साली लिहून दिला, आणि ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 साली लंडनला अभ्यास सुरू केला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीस गेले. अमेरिकेची विद्या घेऊन आलेल्या त्या माणसाला जातीपायी तेथे राहावयास खोली मिळाली नाही. मग मुंबईला प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राने कर्ज दिले, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली तेथील सर्वोच्च पदवी घेतली. पैशाअभावी अभ्यास तुटला, तरी दार किलकिले ठेवून येणे म्हणजे काय, ते यावरून कळते. स्वातंत्र्यानंतर 1954-55 पासून भारत सरकारने मागासवर्गीय मुलांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. आपल्या महाराष्ट्र सरकारचीही राजर्षी शाहूंच्या नावाने आहे. ज्यांना लागू असेल त्यांनी तिची चौकशी अवश्य करावी.

आता आमचे सांगते. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. फक्त काही ठिकाणी घेतात, जसे एका प्रांताने 2017 पासून युरोपाबाहेरच्या मुलांना सहामाहीस 1500 युरो लावले आहेत. पण वर्षभर राहण्याखाण्याचा पैसा आपल्यापाशी आहे, हे आधी दाखवावे लागते. 2024 साली ठरलेली ही रक्कम 11,904 युरो आहे. ती तिकडच्या बंद खात्यात आधीच भरावयाची आणि मुलाला तेथे गेल्यावर महिन्याला 992 युरोप्रमाणे मिळते. आपल्या रुपयांत हे दहा लाखांच्या वर जाते.

आमच्याकडे एवढा पैसा कोठून असणार? घर तारण ठेवावयाचे ठरले. दोन खोल्यांचे घर, ते यजमानांच्या आणि माझ्या नावावर. भाऊजी म्हणाले, "मुलीसाठी घर गहाण ठेवता वहिनी? उद्या ती तिकडेच राहिली तर?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. यजमान दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "तुझे काय?" लग्नाला तेवीस वर्षे झाली, पैशाच्या बाबतीत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला. मी म्हटले, "मला सातवीनंतर घरी बसवले, कारण हायस्कूल पाच मैल लांब होते आणि एकटीने जावयाचे नाही असे ठरले. त्या पाच मैलांची किंमत मी अजून देत आहे. सही करू." कर्जाच्या कागदावर मी सहकर्जदार म्हणून सही केली. साहेबांनी विचारले, "अंगठा की सही?" मी म्हटले, "सही. मराठीत चालेल ना?" चालली.

आणि चौथा प्रश्न, तुला हे कशासाठी शिकावयाचे आहे?

याला आज एसओपी म्हणतात, म्हणजे आपला हेतू सांगणारे पत्र. एका सल्लागाराच्या कचेरीत आम्ही गेलो होतो. त्यांनी बरीच फी घेऊन दोन पानांचे गुळगुळीत इंग्रजी पत्र तयार करून दिले. घरी आल्यावर मी म्हटले, "मला मराठीत सांग, तू काय लिहिले आहेस?" तिने वाचले. लहानपणापासून यंत्रांची आवड, जगाला उजळवण्याचे स्वप्न, असे काहीबाही होते. मी म्हटले, "ही मुलगी कोण? मी हिला ओळखत नाही." ती चिडली. मग गप्प बसली. मग रडली.

तेव्हा मी तिला आनंदीबाईंच्या पत्राविषयी सांगितले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. अर्जात त्यांनी लिहिले की, माझ्या देशातील बायका पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी मदत मिळावी म्हणून, जातीच्या आणि आप्तांच्या विरोधाला न जुमानता मी येथवर आले आहे. जे त्यांनी पाहिले होते तेच त्यांनी लिहिले.

"तू काय पाहिले आहेस?" असे मी मुलीला विचारले. आणि मग मीच तिला सांगितले, कारण ते तिला आठवणे शक्य नव्हते. 26 जुलै 2005 रोजी वालधुनीचे पाणी आपल्या आळीत शिरले, तेव्हा ही तीन वर्षांची होती. रात्रभर मी हिला खांद्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसले होते. पाणी ओसरल्यावर घरात जो काळा चिखल राहिला, त्यात कारखान्यांचे आणि गटारांचे सारे काही होते. धान्य फेकले, गाद्या फेकल्या, हिचे अंग महिनाभर खाजत होते. ज्या नदीला आपल्या सासवा कपडे धुवावयास जात, तिच्याकडे आता नाकाला पदर लावून पाहावे लागते. मुलगी इंजिनियर झाली आणि तिने सांडपाणी शुद्ध करण्याचा विषय घेतला, तो का घेतला हे तिला स्वतःला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

तिने ते दोन पाने बाजूला ठेवली आणि रात्री बसून आपले पत्र आपण लिहिले. त्यात वालधुनी होती, माळा होता, आणि तिला काय येत नाही तेही होते. तीन ठिकाणी पाठवले. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडे प्रवेश मिळाला. पत्रामुळे मिळाला असे मी म्हणणार नाही. तिचे गुणही बरे होते. पण ते पत्र तिचे होते, एवढे खरे.

आनंदीबाई 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ज्या कामासाठी अर्ज केला होता, ते काम करावयास त्यांना आयुष्य मिळाले नाही. विमानतळावर मुलीला निरोप देताना मला हे आठवले आणि मी तिला फक्त एवढेच म्हटले, "वेळेवर जेव. थंडीत बाहेर पडताना डोके झाक."

ती जाऊन आता काही महिने झाले. आठवड्यातून दोनदा फोनवर दिसते. हप्ते अजून सुरू झालेले नाहीत, शिक्षण संपल्यावर सुरू होतील. भाऊजींच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. ती परत येईल की नाही, हे तीच ठरवील.

एक सूचना करून लेख पुरा करते. या वर्षभरात कोणता कागद केव्हा लागतो, कोठून मिळतो, किती दिवस लागतात, कोणती फी परत मिळत नाही, हे सर्व मी दोनशे पानी वहीत मराठीत लिहून ठेवले आहे. ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. ज्यांच्या मुलीमुलांना अर्ज करावयाचे असतील, त्यांनी गुरुवारी भजन झाल्यावर थांबावे. मी चहा करीन. मुलांनाही बरोबर आणा, आणि पत्र लिहून झाले असेल तर ते मराठीत सांगावयास सांगा.